पखुर्डीचं पाणी

पक्षी मोजणाऱ्याने निसर्गात कणभरही ढवळाढवळ करू नये, हे पक्षीगणनेचं पहिलं आणि पवित्र तत्त्व. शिवमूर्ती सरांनी ते लाल शाईने उतरवून घेतलं, आणि आठवडा उलटायच्या आत घरची घागर माळावर नेऊन ओतली.

त्याचं झालं असं. तालुक्याचा जिल्हा होणार, असं पुन्हा एकदा ठरलं होतं. प्यायला पाणी नव्हतं, पण जिल्हा होणार होता. नव्या कचेरीसाठी जळकोट रस्त्याचा माळ बघून ठेवला होता, आणि बांधकामाआधी तिथली पाखरं मोजून अहवाल द्यायचा होता. शिकवायला नांदेडहून वाघमारे मॅडम आल्या. शिकायला कॉलेजातले मास्तर धरले.

रीत सोपी. नेमल्या जागी उभं राहायचं, हलायचं नाही, दिसेल-ऐकू येईल ते टिपायचं. चोच, शेपूट, उडायची ढब यांवरून ओळखायचं. सरांच्या जागी ओळखायलाच काही नव्हतं. एक टिटवी होती, तीही त्यांच्यावर ओरडून निघून गेली.

"काय सर," पीटीचे साहेबराव सगळ्यांदेखत म्हणाले, "तुमच्याकडं कावळा बी न्हाई? मी तर चंडोल मोजून मोजून थकून राहिलो."

जीवशास्त्राच्या माणसाला पीटीवाल्याने हरवावं, हे सरांना सोसलं नाही. दुसऱ्या सकाळी त्यांनी खडकातल्या खळग्यात घागर रिकामी केली आणि अत्यंत शास्त्रीय चेहऱ्याने आपल्या जागी उभे राहिले. होले आले. मुनिया आल्या. मग एके दिवशी पखुर्ड्या उतरल्या. पारव्याएवढ्या, मातीच्याच रंगाच्या, हलल्या नाहीत तर दिसू नयेत अशा.

मॅडम स्वतः बघायला आल्या. दुर्बीण लावून हळूच म्हणाल्या, "तो नर बघा, पाण्यात बसलाय. पोटाची पिसं भिजवून घेतोय. पिल्लं कुठंतरी लांब असतील. ती या पिसांतूनच पाणी पितात." मग दुर्बीण खाली आली. "पण सर, या दुष्काळात इथं पाणी कुठलं?"

खरं बोलायची वेळ हीच होती.

"झरा असावा, मॅडम," सर म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांना घास गोड लागेना. पाणी ओतावं तर खोटं वाढतं, न ओतावं तर पिल्लं मरतात. सर ओतत राहिले.

"टँकरपाशी बायांच्या झिंज्या धरून मी घागर आणते," घरी बायको गंगम्मा म्हणाली, "अन् तुम्ही पाखरं मोजायला जाताव का पाजायला?"

"थोडे दिवस गं."

"त्यांची लगनं होईस्तवर का?"

सरांनी प्रायश्चित्त म्हणून आपल्या वाटणीची अंघोळ सोडली. पाप काही कमी झालं नाही, वर्गातली पहिली रांग तेवढी मागे सरकली.

अहवाल गेल्याचं कानावर आलं, तेव्हा मात्र त्यांनी नांदेड गाठलं. "मॅडम, झरा नाही. घागर आहे."

मॅडम त्यांच्याकडे बघू लागल्या. पुस्तकात नसलेल्या पक्ष्याकडे बघावं तशा.

"पखुर्डीसाठी जागा बदला, असं लिहिलं होतं मी. पखुर्डी कुणी वाचली नाही, सर. झरा वाचला. पाण्याची सोय आहे म्हणून तोच माळ पक्का केलाय त्यांनी."

"मग आता?"

"खरं काय ते आजच कळवते. तुमच्या नावानिशी."

"कळवा," सर म्हणाले, आणि मिळेल त्या गाडीने परतले.

दुसऱ्या सकाळी घागर घेऊन गेले, तर माळावर बोअरची गाडी उभी होती, नेमकी खळग्याशेजारी. पखुर्ड्यांनी त्या घरघरीवर एक घिरटी घेतली आणि खाली न उतरताच निघून गेल्या. सरांनी लांब दुसरा खळगा शोधला, त्यात पाणी ओतलं आणि ऊन चढेपर्यंत वाट बघितली. कुणी आलं नाही.

बोअर चारशे फूट गेला. फुफाटा निघाला.