प्रसादाची पानं

सत्यवतीबाईंनी आणखी एक पुस्तक मागच्या बाजूने उघडलं आणि त्यांचा हात तिथेच थांबला. याचंही शेवटचं पान नव्हतं. कुणीतरी फुटपट्टी धरून, शिवणीला धक्का न लावता ते काढून घेतलं होतं. त्यांनी खालच्या फळीवरची पुस्तकं भराभर उपसली. राजाचं, कासवाचं, विहिरीत पडलेल्या चंद्राचं. मुलांनी हाताळून मऊ केलेल्या एकाही पुस्तकाला शेवट नव्हता.

"विठ्ठला," त्या पुटपुटल्या आणि कपाटालाच टेकल्या.

पेडण्याजवळच्या त्या मराठी शाळेत, गोवा राज्य झालं त्या वर्षापर्यंत हे कपाट बंदच असायचं. मुख्याध्यापक गुरुदास सरांचा एकच धोशा, पोरं पुस्तकं वाचत नाहीत, फाडतात. बाईंनी हट्टाने किल्ली मागून घेतली होती. देवळातलं कीर्तन सहसा न चुकवणाऱ्या बाई वर्गात गोष्टही तशीच सांगत. उभं राहून, मध्येच एखादी ओळ गाऊन. ऐन रंगात आल्या की पुस्तक मिटायचं. पुढचं ज्याचं त्याने वाचायचं. वाचून येणाऱ्याच्या कपाळाला त्या बुक्क्याचं बोट लावत. शाळेच्या भिंतीवर मराठी-कोकणी भाषेच्या भांडणातल्या घोषणा अजून पुसट दिसत होत्या, आणि आत त्या बोटभर बुक्क्यासाठी पोरं जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, उजेडात पुस्तकांवर तुटून पडत होती.

आणि आता हे.

गुरुदास सर दारात कधी येऊन उभे राहिले ते बाईंना कळलं नाही. त्यांनी राजाचं पुस्तक उचललं, उलटून पाहिलं. ओरडले मात्र नाहीत.

"किल्ली द्या, बाई."

"सर, पोरांना एकदा विचारू तरी द्या."

"विचारा की. किल्ली देऊन विचारा."

बाईंनी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. वर्गात जाऊन त्यांनी पुस्तक उंच धरलं. पण एकाचीही मान खाली गेली नाही. बाईंना खरा धक्का तिथे बसला. गौरेश तर स्वतःहून उभा राहिला.

"बाई, आमी काडलव."

"आम्ही म्हणजे कोण?"

"सगळ्यांनी. सगळ्यांचा वाचून झाल्यार."

"का रे बाबा?"

गौरेशने गोंधळून तनयाकडे पाहिलं. मग तीच उठली.

"तुमीच सांगितलात मा, बाई? गोष्टीचो शेवट म्हणजे कीर्तनाचो प्रसाद. आनी प्रसाद एकट्यान संपवचो न्हय, जेका येवक मेळना नाय तेका व्हरून दिवचो."

"अख्खा पुस्तक सर भायर व्हरूक देनत नाय," गौरेशने समजावलं. "आनी अख्खो नैवेद्य कोण व्हरता, बाई? प्रसाद इल्लोसोच आसता."

मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. बाईंना हसू येईना. ज्याला येता येत नाही त्याला प्रसाद नेऊन द्यायचा, हे शब्द त्यांचेच होते, चालसुद्धा त्यांचीच.

"कुणाला दिलात?"

"भाग्यलक्ष्मीक."

चेहरा आठवायला बाईंना एक क्षण लागला. बेळगावकडच्या गवंड्याची मुलगी. जनेलाजवळ बसायची, वाचायला उठवली की पदराशी खेळावं तशी फ्रॉकची कड पिळत राहायची. गणपतीनंतर यायची थांबली. मजुरांची पोरं अशीच जातात, म्हणून बाईंनी हजेरीतून नाव कमी केलं होतं. तिच्या कपाळाला कधी बुक्का लावल्याचं त्यांना आठवेना.

शाळा सुटल्यावर गौरेश पुढे आणि बाई व सर मागे असे ते तुये गावी भाग्यलक्ष्मीकडे निघाले. राजाचं पुस्तक सरांच्या काखेत होतं. "पानं आणायची, जुळवायची, चिकटवायची आणि कपाट बंद करायचं," एवढंच ते बोलले.

तुयेला कारखान्यांच्या शेडी उभ्या राहत होत्या. त्यांच्यामागे मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या. भाग्यलक्ष्मी तान्ह्या भावाला कडेवर घेऊन दारातच उभी होती. आईही आता वडिलांबरोबर कामावर जात होती.

"बाई! या की ओ आत." मग तिला सर दिसले आणि ती भिंतीला चिकटली.

त्या भिंतीकडे बघून बाईंचा हात तोंडावर गेला. पत्र्यावर भाताच्या खळीने पानं डकवली होती, ओळीने, देव मांडावेत तशी. प्रत्येक पानाच्या माथ्यावर बुक्क्याचं एकेक बोट.

"बुक्को आमी लायलो," गौरेश हळूच म्हणाला.

सरांनी राजाच्या पानाच्या कडेला नख घातलं. खळ कडक झाली होती. कागद चरचरला.

"फाटतंय ओ, सर," भाग्यलक्ष्मी म्हणाली. सरांनी हात मागे घेतला. तिने धीर केला. "त्यो राजा शेवटाला का रडतोय? आदी काय झालतं?"

"तुला वाचता येतं?" बाईंनी विचारलं.

"पैलं नव्हतं येत. तनयानं अक्षरं दावली, मग रोज हितं बघून बघून आलं." तिने भाऊ दुसऱ्या कडेवर घेतला. "समदी शेवटाला घरला येत्यात, बाई. पर गेलती कुटं, त्येच कळंना झालंय."

सर भिंतीपासून मागे सरले. मग पालथ्या घमेल्यावर बसले, काखेतलं पुस्तक मांडीवर घेतलं आणि पहिलं पान उघडलं.

हजेरी घ्यावी तशा कोरड्या आवाजात ते वाचू लागले. राजा रानात वाट चुकला तेव्हा त्यांचा एक हात आपोआप वर गेला, तो तसाच राहिला. बाळ गप्प झालं. गौरेश उंबऱ्यात उकिडवा बसला. सर वाचत वाचत कापलेल्या कडेपाशी आले. सवयीने पान उलटलं. पुढे नुसता पुठ्ठा होता.

भाग्यलक्ष्मीने भिंतीवरच्या पानावर बोट ठेवलं आणि अडखळत, एकेक शब्द लावत राजाला घराच्या दारापर्यंत आणलं.

सरांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. खिशातली किल्ली काढून पुस्तकावर ठेवली आणि पुस्तकच बाईंकडे सरकवलं.

"बाई," ते म्हणाले, "बुक्का आणलाय का बरोबर?"