खुर्चीला लागून खुर्ची

सरांच्या ताईंचे पत्र बरेच दिवस माझ्या डोक्यावर पडून होते. मित्रांनो, मी एक जुना ऑसिलोस्कोप आहे. विजेची, आवाजाची लाट माझ्या हिरव्या पडद्यावर उमटते. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, कोण जाणे.

उमेदीची वर्षे मी शाळेच्या प्रयोगशाळेत घालवली. सर मुलांना शिकवत, "शेगडीच्या तारेला विजेचा दाब दुप्पट दिला, की प्रवाहही दुप्पट होतो. दोन दुणे चार, म्हणून शक्ती चौपट. लाटेचंही तसंच. उंची दुप्पट, की शक्ती चौपट." मागच्या बाकांवर हे ऐकू जात नसे, पण माझी रेषा तिथूनही दिसे. तेवढाच माझा मान.

पुढे नवी यंत्रे आली. अडगळीतून सरांनी मला घरी आणले. माझ्यावर पुस्तके साठली, मग ते पत्र. "हल्ली मला कमी ऐकू येतं. राहायलाच ये. पूर्वीसारखं वाचून दाखव."

एके दिवशी ताईंची मुलगी आली. ती रेडिओ दुरुस्त करते.

"मामा, आईच्या पत्राचं काय केलंस?"

"मला ओरडता येत नाही गं. ती सारखी 'काय? काय?' करेल आणि मी गप्प होईन."

"आधी बघू तरी तुझा आवाज!"

तिने माझी धूळ झटकली, मायक्रोफोन जोडून माझ्यापुढे ठेवला. सर खोलीच्या मध्यावर खुर्चीत बसून वाचू लागले. माझी रेषा जेमतेम हलली.

"मामा, ही लाट आहे की सुरकुती?"

"दुप्पट करायची तर चौपट दम लागेल. या वयात कुठून आणू?"

असे म्हणत, पडदा नीट दिसेना म्हणून त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि पुन्हा वाचू लागले. माझी रेषा दुप्पट उसळली. सर थबकले.

"मी आवाज चढवला नाही."

"नाहीच. नुसता जवळ आलास."

"अंतर निम्मं, उंची दुप्पट..." सर लहान मुलासारखे हसले. "म्हणजे शक्ती चौपट! फुकटात!"

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा पुसून, जोडून पाहा. आणि हळू बोलणाऱ्याला 'मोठ्याने बोल' म्हणण्याआधी जरा सरकून बसा.

सरांनी लगेच लिहिले, "ताई, येतो. माझी खुर्ची तुझ्या खुर्चीला लागून ठेव."

"दे, जाताना पेटीत टाकते," भाची म्हणाली.

"नको, माझं मीच टाकतो."

ते चपला घालून गेले. परतले तेव्हा हात रिकामे होते.