हरणांची गोधडी

"डोकं असेल तर एक धरा. नुसती शेपूट असेल तर सोडून द्या."

कंपनीकडून आलेली मुलगी तपास कचेरीतल्या टेबलावर वाकून बोटाने हरणं मोजत होती आणि अधिकारी एर्मेक कागदावर रेघा ओढत होता. टेबलावर बुर्माकानची गोधडी पसरलेली. मी भिंतीकडच्या बाकावर बसून हा तमाशा बघत होते. सव्वीस वर्षं मी शिवणखान्यात इस्त्री करते आहे. बटणं मोजणारी माणसं पाहिली, पण हरणांची डोकी मोजणारी शिकलीसवरलेली माणसं पहिल्यांदाच पाहिली.

"ह्याला शिंगं आहेत, पण तोंड नाही," एर्मेक म्हणाला.

"शिंगं डोक्यातच येतात."

"आणि नुसता कान असला तर?"

मुलगी विचारात पडली. मग तिने खरोखर फोन लावून कुणाला तरी कानाबद्दल विचारलं.

बुर्माकान माझ्या शेजारी हात मांडीवर ठेवून बसली होती. तिचं लक्ष एकाच गोष्टीकडे होतं: त्या मुलीची अंगठी गोधडीच्या एका टाक्यात अडकत होती.

आता हे हरीण परदेशी कंपनीचं आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. बिश्केकमध्ये शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असतं. मालकीणबाई म्हणाल्या, ट्रॅकसूटच्या छातीवर उडी मारणारं हरीण लावा, आम्ही लावलं. घोडा लावा म्हणाल्या असत्या तर घोडा लावला असता. धाड पडली तेव्हा मालकीणबाई रशियात मुलाकडे होत्या आणि शिवणखान्याचा परवाना निघाला बुर्माकानच्या नावावर. सगळ्यात जुनी कारागीर म्हणून त्यांनी तो मोठ्या मानाने तिच्या नावावर काढला होता. त्या दिवशी ही वेडी खूश होऊन आम्हा सगळ्यांसाठी घरून पिठाचे बोर्सोक तळून घेऊन आली होती!

नुसत्या ट्रॅकसूटांवर गोष्ट दंडात भागत होती. घात केला गोधडीने. हरणाची वाकडी विणली गेलेली लेबलं फेकून द्यायची असत. बुर्माकान ती गोळा करून ठेवी. आमच्याकडे लेकीच्या रुखवतात आईच्या हातची कुराक गोधडी जाते, तुकड्याला तुकडा जोडून केलेली, म्हणजे लेकीचा संसारही तसाच जोडलेला राहतो म्हणतात. लेबलाचं कापड लाल-काळं, रेशमासारखं चमकणारं. हिने ते त्रिकोणात कापलं आणि असं जोडलं, की दुरून पाहावं तर मेंढ्याच्या शिंगांची आपली जुनी नक्षी. दोन वर्षं जेवणाच्या सुट्टीत ती हेच करत होती. किनारीचे शेवटचे टाके घालत असताना धाड पडली आणि मालाबरोबर गोधडीही जप्त झाली. कंपनीच्या हिशोबात प्रत्येक हरीण म्हणजे वेगळं नुकसान. गोधडीतली हरणं धरली तर नुकसान ठरलेल्या मर्यादेच्या वर जात होतं, आणि वर गेलं की दंड नाही, फौजदारी खटला आणि शिक्षा. गोधडी मग इतर नकली मालाबरोबर जाळून टाकणार. आणि तिच्या लेकीचं, अयदायचं लग्न नऊ दिवसांवर आलेलं.

"तीनशे बारा," मुलगी म्हणाली. "कान धरले नाहीत."

"उपकार झाले," मी म्हणाले.

एर्मेकने तिला चहा प्यायला खाली पाठवलं, दार लोटलं आणि खुर्ची आमच्याकडे ओढली.

"बुर्माकान एजे," तो थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाला, "मी काय सांगतो ते नीट ऐका. ही गोधडी तुम्ही बाजारातून विकत घेतली. ओश बाजारात. विकणारी बाई ओळखीची नव्हती. घरात वापरायला घेतलेली वस्तू म्हणजे तुमचा माल नाही, मग मी ती मोजत नाही, कंपनीलाही धरता येत नाही. इथे सही करा आणि गोधडी घेऊन घरी जा."

"पण ती मी शिवलीय."

"ते मला माहितीय."

"मग बाजारातली कशी?"

एर्मेकने डोळे मिटले आणि उघडले. "एजे, माझी आईसुद्धा कुराक करते. म्हणून सांगतोय."

"मग तिलाच विचार ना बाळा. स्वतः केलेली कुराक ती दुसरीची म्हणेल का?"

"माझी आई नकली लेबलं जोडत नाही!"

"बाजारात असे टाके घालतात का? ये, इकडे बघ." ती उठली आणि त्याला उलटी बाजू दाखवायला लागली. "ही गाठ बघ, दिसतेय? नाही ना? बाजारातली बाई एवढी मेहनत करेल?"

मला तर कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. पोलिसाने सुटायची वाट दाखवली, तर ही बाई त्याच्याच हातात पुरावे देत होती!

"बुर्माकान," मी ओरडले, "खाली बस! तुझ्या शिवणीचं कौतुक करायला बोलावलंय का त्याने?"

ती बसली. पण मनात मला तिचंच पटत होतं आणि त्याचाच संताप येत होता. कापडावर परक्याचं नाव लावलं म्हणून हे तिला गुन्हेगार ठरवणार. आणि सुटायचं असेल तर तिने स्वतःच्या कामाला परकीचं नाव द्यायचं. हा कुठला न्याय?

"लेकीच्या लग्नात कोर्टात बसणार आहेस का?" मी हळू आवाजात म्हणाले. "विहिणीला काय सांगशील?"

तिने गोधडीकडे पाहिलं. मग एर्मेकला म्हणाली, "सही केली तर अख्खी देणार? उसवणार नाही?"

"टाकाही उसवणार नाही."

तिने कागद दोनदा वाचला आणि सही केली. मग गोधडी जवळ ओढून अंगठीने ओढलेला टाका नखाने आत दाबला. जिन्यावर ती मुलगी भेटली. "सुंदर आहे हं," म्हणाली. बुर्माकान गोधडी छातीशी धरून खाली उतरली.

लग्न तोकमोकला झालं, ठरल्या दिवशी. नवऱ्या मुलाच्या घरी बायका रुखवत बघायला जमल्या. उशा झाल्या, गाद्या झाल्या, मग गोधडी उलगडली. बायका वाकून बघायला लागल्या. हरीण कुणाच्या ध्यानात आलं नाही. सगळ्यांना शिंगांची नक्षीच दिसली.

"कुणाच्या हातची?" विहीणबाईंनी विचारलं. हे विचारायचंच असतं. आईने नुसतं मान खाली घालून हसायचं असतं.

"बाजारातून घेतली," बुर्माकान म्हणाली. "ओश बाजारात. बाई ओळखीची नव्हती."

मी तिला कोपराने ढोसलं. "अगं, वेड लागलंय का? इथे कुठे एर्मेक बसलाय?"

"सही केलीय ना, एजे," ती माझ्या कानात म्हणाली. "तिथे एक, इथे एक, असं कसं बोलू?"

"मग मी सांगते!"

तिने माझा हात असा घट्ट धरला, की मला गप्प बसावं लागलं. मुलाच्या एका मावशीने नाक मुरडलं. "आईला सवड झाली नसेल," असं कुजबुजत म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. अयदाय ओढणीआड लालबुंद झाली. पोरीला सगळं ठाऊक होतं.

विहीणबाईंनी मात्र चष्मा लावला. गोधडी उलटली, किनारीवरून अंगठा फिरवला, गाठ शोधली; ती सापडली नाही.

"कोण बाई आहे कोण जाणे," त्या म्हणाल्या, "पण तिने हे पोटच्या लेकीसाठी शिवावं तसं शिवलंय. तिचे हात शाबूत राहोत. तिच्या लेकराबाळांचं कल्याण होवो."

त्यांनी दोन्ही तळवे पुढे धरले. खोलीतल्या सगळ्या बायकांनी धरले. बुर्माकाननेही धरले, सुया टोचून खरखरीत झालेले. "ओमीन," सगळ्या म्हणाल्या आणि तळवे चेहऱ्यावरून फिरवून खाली घेतले.

बुर्माकानचे हात चेहऱ्यावरच राहिले.