फोनातलं टोपीवालं भूत

वळसंगच्या अलीकडे रस्त्याला लागून कांद्याचं एक बंद पडलेलं गोदाम आहे. त्या दिवशी सकाळपासून तिथे माणसांची रीघ लागली होती आणि प्रत्येकाच्या हातात एक आजारी फोन होता. फोन वाजत होते, त्यांच्यावर गाणी लागत होती. आजार वेगळाच होता. सांगोल्याहून आलेल्या डाळिंबवाल्याने पीक विम्याचं पान उघडलं की सगळी अक्षरं एकावर एक चढून बसत. जेऊरच्या एका बाईंना रेशनच्या पानावर नुसते रिकामे चौकोन दिसत. कुणाचं पान निम्मंच उघडे, कुणाचं बटणच गायब. अशी वेडीवाकडी पानं मल्लिनाथअप्पा नुसत्या हाताने सरळ करतात, ही वार्ता अक्कलकोट रोडच्या कारखान्यांपासून पार माढ्यापर्यंत गेली होती.

हे अप्पा काही वर्षांपूर्वी पुण्यात फुटपाथवर मोबाइलची कव्हरं विकत. ते आता कुणाला आठवत नव्हतं आणि अप्पांनाही आठवून घ्यायची हौस नव्हती. कपाळभर भस्म, अंगात भगवा सदरा आणि मांडीवर पसरलेला पांढराशुभ्र सोलापुरी टॉवेल. जीभ मात्र अजून फुटपाथवरचीच होती.

“पान वाकडं का दिसालंय?” अप्पा गर्दीला विचारत होते. “इंटरनेट म्हंजे काय? साऱ्या जगाचं वारं. त्या वाऱ्यावर काय काय फिरतंय, तुमाला म्हाईत हाय का? आदी हे आत्मे वडावर राहायचे. वडं तोडली तुमी. आता त्येनी जायाचं कुटं?”

माना डोलल्या. वडं तोडल्याचा मुद्दा तर कुणालाही पटण्याजोगाच होता.

गर्दीच्या कडेला चैताली तळभंडारे उभी होती. शहरातल्या एका ज्युनिअर कॉलेजात ती संगणक शिकवायची आणि असल्या ठिकाणी पाऊल टाकायचं नाही हे तिला घरातूनच शिकवलेलं होतं. आज ती आली होती ती शेजारी उभ्या असलेल्या रुद्राणीसाठी. बारावी झालेल्या या तिच्या विद्यार्थिनीचं नाव सरकारी नर्सिंग कॉलेजच्या यादीत लागलं होतं. आता संकेतस्थळावर जाऊन ‘जागा स्वीकारली’ एवढं एक बटण दाबायचं होतं. त्याची मुदत आज संध्याकाळी पाचला संपत होती. न दाबल्यास जागा पुढच्या मुलीला. खासगी कॉलेजची फी भरणं टॉवेलच्या कारखान्यात मागावर उभ्या राहणाऱ्या तिच्या वडिलांना सात जन्मांत जमलं नसतं.

घरात फोन एकच. त्यावर ते पान कालपासून वाकडंतिकडं दिसत होतं आणि बटणाचा पत्ता नव्हता. रुद्राणी सकाळी कॉलेजात धावत आली, तेव्हा चैतालीने लॅबमधल्या संगणकावर पान उघडलं. ते तिथे व्यवस्थित उघडलं. पण आत जायचं तर ओटीपी लागतो. तो येणार वडिलांच्या फोनवर, आणि वडील, म्हणजे गुरुशांतकाका, फोन घेऊन भल्या पहाटेच अप्पांच्या रांगेत लागलेले. म्हणून दोघी स्कूटीवर बसून इथवर आल्या होत्या.

त्या पोचल्या आणि काकांचाच नंबर आला. अप्पांनी फोन घेतला, हातासकट टॉवेलखाली सरकवला, डोळे मिटले आणि ओठ हलवले. मग टॉवेल बाजूला केला. पडदा काळाकुट्ट झाला होता. त्या काळोखात मधोमध एक टोपी, टोपीखाली चष्मा. चष्म्यामागे तोंडच नव्हतं.

“दिसला?” अप्पा हळूच म्हणाले. “तोंड न्हाय बघा त्याला. इंग्रजाच्या टायमाचा दिसालाय.”

पुढच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. डाळिंबवाल्याने हात जोडले. पुन्हा टॉवेल, पुन्हा ओठांची हालचाल, आणि टॉवेल निघाला तेव्हा प्रवेशाचं पान लख्ख उघडलेलं. निळी पट्टी जागेवर, अक्षरं ओळीत, आत जाण्याचं बटण हिरवंगार. गोदामात आवाज घुमला. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

चैतालीला हसू आवरेना. ते टोपी-चष्म्याचं चित्र ती रोज मुलांना दाखवायची. ब्राउझरमध्ये गुप्त टॅब उघडला की पडदा काळा होतो आणि हेच चित्र येतं. अप्पांनी टॉवेलखाली अंगठ्याने तेवढंच केलं होतं. चोर तर चोर, पण पान तर सरळ झालं, असं मनाशी म्हणत ती रुद्राणीला कोपराने ढोसत म्हणाली, “जा, इथेच बटण दाब.”

रुद्राणीने हात पुढे केला. अप्पांनी फोन टॉवेलात गुंडाळला आणि वर गाठ मारली.

“उद्या सूर्य उगवूस्तवर हा फोन सोवळ्यात. देवापुढं ठेवायचा, उघडायचा न्हाय.”

मुदत आज पाचलाच संपतेय, असं चैतालीने सांगितलं. मुदत माणसाची की देवाची, असं अप्पांनी उलट विचारलं आणि गर्दी खूश झाली. मग त्यांनी काकांकडे वळून, घरात कुणी आजारी आहे का, एवढंच विचारलं. मागावर काम करणाऱ्याच्या घरात कुणी ना कुणी आजारी असतंच. ते ओळखायला अंतर्ज्ञान लागत नाही. काकांनी बायकोच्या दम्याचं सांगितलं.

“मंग संपलं,” अप्पा म्हणाले. “सूर्याच्या आदी गाठ सोडली तर त्यो परत येतोय. पर फोनात न्हाय. घरातल्या दुबळ्या माणसाच्या छातीत.”

त्या एका वाक्याने सगळं ठरलं. वाटेत चैतालीने समजावून पाहिलं, घरी आल्यावर पाहिलं, चिडूनही पाहिलं. काका उद्धट नव्हते. त्यांनी तिच्यापुढे चहा ठेवला, खुर्ची पुसून दिली आणि फोनचं बोचकं देवाच्या फळीवर ठेवून त्याच्याखाली भिंतीला टेकून बसले. मदत केंद्राचा नंबर तिने लावला. मोबाइल नंबर बदलायचा तर लेखी अर्ज द्यावा लागतो, आठवडा लागतो, असं तिकडून सांगण्यात आलं.

तिने आपला लॅपटॉप उघडला. पान स्वच्छ आलं. रुद्राणीने आपल्या अर्जाचा क्रमांक टाकला. क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग देवाच्या फळीवर गाठीच्या आतून फोन टिंग वाजला. ओटीपी आला होता. हातभर अंतरावर होता.

ओटीपीची वेळ संपली, तसा रुद्राणीने पुन्हा मागवला. पुन्हा टिंग. काका जागचे हलले नाहीत, पण प्रत्येक आवाजाला त्यांचे डोळे बायकोच्या छातीकडे जात होते.

शेवटी त्यांची बायको, गंगम्माकाकूच, बोलल्या. “सोडा की ती गाठ. माज्या छातीचं माजं मी बघते.”

“तू गप.”

“पोरीचं जन्माचं हाय.”

“आन् तू गेलीस तर?” काकांचा आवाज फाटला. मग ते चैतालीकडे वळले. “मॅडम, तुमी शिकलेल्या हाय, तुमचं बरोबर असंल. पर एक टक्का त्याचं बरोबर निगालं तर? त्यो एक टक्का मी कुटं ठिवू?”

चैताली रुद्राणीकडे बघून म्हणाली, “तू घे. जबाबदारी माझी.”

रुद्राणी उठली. फळीपाशी गेली. तिने बोचक्यावर हात ठेवला, गाठीचं एक टोक धरलं. त्याच वेळी काकूंना खोकला आला. रोजचाच, संध्याकाळी येतो तसा, कापसाच्या फुफाट्यात वर्षं काढलेल्या बाईचा. पोरीने हात असा मागे घेतला की जणू ती गाठ तिनेच सोडली होती. दम्याच्या रोग्याला कसं बसवायचं, पाठ कशी चोळायची, हे तिला चांगलं येत होतं. ती आईची पाठ चोळत बसली आणि पाच वाजून गेले. चैतालीला रडू आलं, ते तिने लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा शेजाऱ्याच्या फोनवरून निरोप आला. काकांनी दिवस उगवल्यावर गाठ सोडली. पान सुंदर दिसलं. तरी ते फोन घेऊन पुन्हा वळसंगला गेलेत. रुद्राणी भिंतीकडे तोंड करून पडलीय, काही खात नाही.

चैताली तडक गोदामावर गेली. काका रांगेत उभे होते. तिने त्यांना हाक मारली नाही, सरळ पुढे जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, की तो टोपीवाला मीही बोलावते, टॉवेल न घेता. माणसं जमली. तिने आपला फोन उंच धरला, कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवलं, ‘नवीन गुप्त टॅब’ दाबलं. पडदा काळा झाला. टोपी आली, चष्मा आला.

मग तिने वर्गात सांगावं तसं सगळं सांगितलं. शेवटच्या दिवसांत सगळे एकदम तुटून पडले की पान फोनापर्यंत अर्धंच पोचतं. रंग येत नाहीत, ओळी लावणारा भाग येत नाही, म्हणून अक्षरं एकमेकांवर चढतात. फोन ते अर्धं पान साठवून ठेवतो आणि वेळ वाचवायला पुढच्या खेपेला तेच दाखवतो. गुप्त टॅब साठवलेल्या पानाकडे बघत नाही, नवं आणतो. बाधा नाही की आत्मा नाही. साठवलेलं पुसून टाकलं तरी काम होतं. “आणि सोवळं कशासाठी ते ऐका. घरी जाऊन तुम्ही नेहमीसारखं पान उघडलंत तर तेच जुनं वाकडं पान परत दिसेल आणि यांचं पितळ उघडं पडेल. मुदत उलटली की गर्दी ओसरते, रात्रीत साठवलेलंही शिळं होतं आणि पान आपोआप नीट येतं. श्रेय यांना. काल या सोवळ्यापायी एका पोरीची जागा गेली.”

दोन-चार माना डोलल्या. चैतालीला वाटलं, पोचलं. तेवढ्यात डाळिंबवाला दोन पावलं मागे सरला.

“अरे, बाईच्या फोनातबी हाय की त्यो.”

“बघा,” अप्पा जागेवरून न उठता म्हणाले, “पसरालाय.”

झालं. माणसं चैतालीपासून लांब झाली. एकाने तिच्या फोनकडे बघू नको म्हणून पोराचे डोळे झाकले. ज्यांच्या फोनला काहीच झालं नव्हतं, तेही खबरदारी म्हणून रांगेत शिरले. जेऊरच्या बाई तेवढ्या जवळ आल्या आणि कुठे दाबायचं ते पुन्हा दाखवा म्हणाल्या. तिने दाखवलं. बाईंनी स्वतः करून पाहिलं, टोपीवाला आला, गेला, रेशनचं पान नीट आलं. त्या कुणाशी काही न बोलता स्टेशनच्या रिक्षात बसून निघून गेल्या. एवढ्या मोठ्या गर्दीतून एक बाई.

वाचणाऱ्यांना हात जोडून एवढंच सांगायचं आहे. पान वाकडं दिसलं तर ते पुन्हा मागवा, साठवलेलं पुसा, दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडा, जाणत्या माणसाला विचारा. आणि जो कुणी उपाय झाकून करतो आणि झाल्यावर हात लावायची बंदी घालतो, त्याला आधी टॉवेल काढायला लावा. घरातल्या आजाऱ्याच्या नावाने तुम्हाला भीती घालणारा माणूस तुमचा आजार नाही, तुमचं प्रेम ओळखून असतो. तो तेच वापरतो.

गुरुशांतकाका मात्र रांगेतून बाहेर आले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. चैतालीच्या जवळ येऊन त्यांनी आपला फोन तिच्यापुढे धरला. प्रवेशाचं पान उघडं होतं. निळी पट्टी, ओळीत अक्षरं, आणि मधोमध लाल रंगात ‘मुदत संपली. जागा रद्द.’

“ते भूतबीत न्हाय, पटलं मला,” ते म्हणाले. “फोन कायबाय जुनं साठवतोय, वाकडं दाखवतोय. मंग मॅडम, हे लालबी तसलंच की. तुमी ते पुसून टाका. खरं पान आणा.”

त्यांच्या समाधानासाठी तिने साठवलेलं सगळं पुसलं, पान नव्याने मागवलं. गुप्त टॅबमध्येही उघडून दाखवलं. ते तिच्या अंगठ्याकडे टक लावून बघत होते.

“नाही काका,” चैताली म्हणाली. “हे पान बरोबर दिसतंय.”