दोनवर उडी

'दोन' हा शब्द कॅप्टनच्या तोंडून पुरता बाहेर पडला नव्हता, आणि दातवाले काका विमानाच्या बाहेर पडलेसुद्धा.

एकटे!

ठरलं होतं ते असं. सहा जणांनी विमानाच्या दाराशी एकमेकांना खेटून उभं राहायचं. कॅप्टनने एक, दोन, तीन म्हणायचं. तीनला सगळ्यांनी एकदम हवेत झोकून द्यायचं, खाली येता येता हात धरून गोल करायचा, मग गोल सोडून लांब लांब पांगायचं आणि आपापलं पॅराशूट उघडायचं. जमिनीवर, सरावासाठी केलेल्या लाकडी खोट्या दारापाशी, काकांनी याचा सराव पाच वेळा केला होता आणि पाचही वेळा बिनचूक केला होता. एक, दोन, तीन. त्यात अवघड ते काय? बालवाडीतल्या पोराला जमेल.

आता वर बघतात तर दारात पाच तोंडं, आणि पाचही उघडी. त्यातलं एक तर चक्क हसत होतं. हसण्यात मोजणी फिसकटली, पुन्हा सुरू झाली, आणि तोवर काका इतके खाली गेले की त्यांची गाठ पडणं शक्यच नव्हतं. खालचा माणूस काही वर चढत नाही. काकांनी हातपाय पसरून स्वतःला जमेल तेवढं धरून ठेवलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. वर पाच जणांचा गोल झाला. गोलात एका माणसाएवढी फट होती. काकांना ती खालून स्वच्छ दिसली.

मग ते नियमाप्रमाणे बाजूला सरकत सरकत लांब गेले, ठरलेल्या उंचीला पॅराशूट उघडलं आणि मुकाट्याने मैदानात उतरले. छप्पन्न वर्षांचा माणूस, आठशेच्या वर उड्या झालेल्या, आणि पहिल्याच दिवशी नव्या मंडळींसमोर अशी शोभा!

"काका, घाई होती का कुठं?" गटातल्या जुळ्या भावांपैकी एकाने विचारलं.

"गॅस चालू राहिला असेल घरी," दुसरा म्हणाला.

दोघेही वाईट नव्हते. पण वय वर्षं पंचवीस आणि समोर फजिती झालेला काका. गप्प बसवेल का कुणाला? शेडमध्ये भिंतीला एक फळा होता. आठवड्यात ज्याची फजिती झाली त्याचं नाव त्यावर खडूने लिहायची तिथली पद्धत. 'बेकरीवाला: गॉगल कपाळावर ठेवून उडी.' 'थोरला जुळा: उंचीचं घड्याळ उलटं बांधलं, सगळा वेळ मान वाकडी.' 'पोहण्याच्या बाई: चुकून परक्या गोलात शिरल्या, त्यांच्याशी हातही मिळवला.' त्याखाली धाकट्या जुळ्याने वळणदार अक्षरात लिहिलं, 'दातवाले काका: आम्हाला न घेता उतरले.'

काकाही हसले. काय करणार? हसला नाही तर माणूस आणखी हास्यास्पद दिसतो.

काकांचा धंदा कवळ्या करायचा. दंतवैद्यांकडून मापं यायची, आणि हे खिडकीजवळच्या बाकावर बसून मेण वितळवायचे, प्लास्टर ओतायचे, एकेक दात बसवायचे. तीस वर्षं परक्यांच्या हसण्याची सोय केली. ज्यांच्यासाठी केली त्यातल्या फार थोड्यांची तोंडं त्यांनी पाहिली. आठवडाभर मान खाली, नजर दातांवर. रविवारी मात्र विमान. बायको म्हणायची, "तुम्हाला एक तर बाकावर ठेवावं, नाहीतर ढगात. मधे कुठं तुम्ही माणसांत नसताच." ते खोटं होतं. माणसं होती. आठ जणांचा जुना गट होता आणि त्यात पोस्टमन होता.

पोस्टमन हा काकांचा बावीस वर्षांचा सोबती. गोलात काकांची जागा कायम त्याच्या डाव्या हाताला. माणूस मोठा हरहुन्नरी आणि महा उतावळा. चहा गार व्हायची वाट बघणार नाही, बशीत ओतून फुंकरा मारणार. जुन्या गटात मोजायचं काम त्याचं, आणि तो दोनवर उडी मारायचा. तीन नाहीच.

"तीन कशाला?" तो म्हणायचा. "दोनपर्यंत माणूस शूर असतो. तीनला त्याला घर आठवतं."

झालं! आठही जण दोनवर जायला शिकले. शरीराला सवय लागली, आणि शरीर डोक्याला विचारत नाही. दोन वर्षांपूर्वी तो पोस्टमन एका इमारतीचे जिने चढताना तिसऱ्या मजल्यावर खाली बसला, तो पुन्हा उठला नाही. पिशवीतली पत्रं दुसऱ्याने वाटली. त्यानंतर जुन्या गटाची हवाच गेली. कुणाचे गुडघे, कुणाची नातवंडं. कारणं काय, मागितली तेवढी मिळतात. मैदानही विकलं गेलं. काकांचं पॅराशूट बेडरूमच्या कपाटात जाऊन बसलं.

"एक तर ते वापरा, नाहीतर विका," बायको अखेरीस म्हणाली. "माझ्या चादरी दोन वर्षं खुर्चीवर आहेत."

ती चादरींबद्दल बोलत नव्हती हे काकांना कळत होतं. रविवारी सकाळी तयार होऊन खिडकीशी नुसतं उभं राहणारा नवरा कुठल्या बाईला बघवेल? तेव्हा काकांनी शब्द दिला. नव्या मैदानावरच्या एका गटात एकाचं मनगट मोडलंय, त्यांना सहावा माणूस हवाय. घेतलं तर ठीक. नाही घेतलं तर पॅराशूट विकायचं आणि तो विषय कायमचा मिटवायचा.

म्हणून त्या फळ्यापुढे हसता हसता काका मनात पॅराशूटची किंमत ठरवत होते.

कॅप्टन पॅराशूटची घडी घालत होती. आठवडाभर ती लोकांच्या घरी विजेची कामं करायची. बोटांवर चटक्यांच्या जुन्या खुणा होत्या. वय तिशीच्या आसपास, बोलणं तुटक. तिने मान वर न करता विचारलं, "काका, जमिनीवर पाच वेळा बरोबर केलंत. वर काय झालं?"

"जुनी सवय. आमच्यात दोनवर जायचे."

"का?"

काकांनी पोस्टमनचं सांगितलं. शूर असण्याचं, घर आठवण्याचं, सगळं. तिने ऐकून घेतलं.

"छान आहे," ती म्हणाली. "पण आम्ही तीनवर जातो."

"हो. तुमचंच बरोबर आहे." काका घाईने म्हणाले. "मी बदलेन."

"बदलाल हो. पण आज दुपारच्या उडीत बदलाल का? पुन्हा असं झालं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. वाईट वाटून घेऊ नका. हवेत मी एकालाच सांभाळत बसले तर बाकीचे वाऱ्यावर."

रोखठोक बोलली, पण खरं बोलली. काकांना राग आला तो तिचा नाही, स्वतःच्या पायांचा. दुपारपर्यंत ते शेडच्या मागे येरझाऱ्या घालत पुटपुटत राहिले. एक, दोन, तीन. एक, दोन, तीन. तलावावर पोहणं शिकवणाऱ्या त्या पोहण्याच्या बाई तिथून गेल्या तेव्हा त्यांना वाटलं काका जप करतायत. त्या हळूच पावलं न वाजवता गेल्या.

दुपारी विमान वर गेलं. दार उघडलं, वारा आत घुसला. सहाही जण दाराशी आले. काका बाहेरच्या दांडीला धरून उभे राहिले, आणि एवढ्यात कॅप्टनने मोकळ्या हाताने त्यांची कोपराजवळची बाही गच्च पकडली. पोराला रस्ता ओलांडताना धरतात तशी.

"एक," ती ओरडली.

"दोन."

काकांचे गुडघे वाकले. सगळं अंग पुढे गेलं. बाहीला जोराचा हिसका बसला, आणि काका थांबले.

ते दोन आणि तीन यांच्यामधलं अंतर केवढं, सांगा बरं? श्वास घ्यायला पुरत नाही. पण बावीस वर्षं काकांनी ते पाहिलंच नव्हतं. ते तिथे उभे राहिले, खाली तुकड्या-तुकड्यांची जमीन, आणि त्यांना घर आठवलं नाही. पोस्टमन आठवला. तो पुढे गेलेला, आणि आपण बाही धरून मागे ठेवलेले. असा कढ आला म्हणून सांगू!

"तीन!"

सगळे एकदम गेले. गोल बिनचूक झाला. काका आपल्या जागी, उजवीकडे बेकरीवाला, डावीकडे धाकटा जुळा. समोरून कॅप्टनने फक्त मान हलवली. खाली उतरल्यावर ती म्हणाली, "पुढच्या रविवारी आठला या. उशीर चालणार नाही." एवढंच. धाकट्या जुळ्याने फळ्यावरची ओळ पुसली नाही. ती आठवडाभर राहते, असा नियम होता.

घरी बायकोने सगळं ऐकलं, पहिल्या उडीचं ऐकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, मग म्हणाली, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. तुमच्या मित्राची तर मेल्यावरही गेली नाही. तुमच्या अंगात येऊन राहिली."

"मग काढायची का?"

"ते मला नका विचारू." तिने खुर्चीवरच्या चादरी उचलल्या आणि पलंगाखालच्या ट्रंकेत ठेवायला घेतल्या. "कपाट राहू दे तुमच्याकडे."

पुढचे दोन रविवार कॅप्टन बाही धरत होती. तिसऱ्या रविवारी तिने फक्त दोन बोटं टेकवली. प्रत्येक वेळी दोनला काकांचं अंग पुढे जायचं, आणि प्रत्येक वेळी त्या चिमूटभर वेळात पोस्टमन हजर. काकांना ते आवडायला लागलं होतं. खरं सांगायचं तर त्यासाठीच ते जात होते. बाकी गोल, टाळ्या, फळा, हे सगळं ठीक. पण आठवड्यातून एकदा, जमिनीपासून इतक्या उंचावर, मित्राची भेट होत होती.

चौथ्या रविवारी चांगलीच धांदल होती. दुसऱ्या गटाने उशीर केला, वारा वाढायच्या आत उडी उरकायची होती, आणि थोरला जुळा हातमोजे विसरला म्हणून सगळे त्याच्यावर तुटून पडले होते. विमानातही त्याची टिंगल चालली होती. काकांनीही एक टोमणा मारला, तो सगळ्यांना आवडला. दार उघडलं. मोजणी झाली. सहा जण गेले, गोल झाला, सुटला, दुसऱ्यांदा जुळला, पुन्हा सुटला. या गटाची आजवरची सगळ्यात सुंदर उडी! खाली आल्यावर कॅप्टनने आपणहून काकांच्या पाठीवर थाप मारली.

"आज मी हात लावला नव्हता, कळलं का?"

"नाही," काका म्हणाले. आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

दोनला पाय वाकले नव्हते. अंग पुढे गेलं नव्हतं. एक, दोन, तीन, सगळ्यांबरोबर, सगळ्यांसारखे ते गेले होते, आणि त्या सबंध उडीत त्यांना पोस्टमनची आठवण झाली नव्हती. एकदाही नाही. दारात नाही, हवेत नाही, पॅराशूटखाली तरंगताना नाही.

नवी कवळी घेऊन जाणाऱ्यांना काका नेहमी निरोप धाडत: पहिला महिना ती परकी वाटेल, बोचेल, काढून फेकावीशी वाटेल. मग एक दिवस जेवताना ती आहे हेच विसराल. तेव्हा समजा, बसली. अगदी तसंच झालं होतं. गट बसला होता. काका आता त्यांच्यातले होते. हवं होतं ते मिळालं होतं. आणि दोन-तीनच्या मधली ती भेट मात्र गेली होती.

ते शेडमागच्या बाकावर जाऊन बसले, हेल्मेट काढून बाजूला ठेवलं आणि पोस्टमनच्या बायकोला फोन लावला.

"बोला, भाऊजी. बरे आहात ना? मैदानावरून बोलताय वाटतं, वारा ऐकू येतोय."

"वहिनी, मी आज तीनवर गेलो. कुणी धरलं नाही, आपला आपण."

"अरे वा! बरं झालं की."

"बरं नाही झालं." काकांनी हेल्मेट उचलून मांडीवर घेतलं. "मला त्याची आठवणच आली नाही, वहिनी. पूर्ण उडी संपली, लोकांनी पाठ थोपटली, मी हसत होतो. आठवणच आली नाही."

काकांना वाटलं आपण चुकलो, तिला उगाच दुखावलं.

"भाऊजी," ती म्हणाली, "मी दोन वर्षं सकाळी दोघांचा चहा टाकत होते. रोज एक कप ओतून द्यायचा. मुलगी चिडायची. मी म्हणायचे, अगं हात सवयीने घेतो दूध. परवा मंगळवारी मी चहा केला, प्यायले, भांडं विसळून पालथं घातलं, आणि मग बघितलं. एकाचाच केला होता."

"मग?"

"मग काय? बसले तिथेच ओट्याला टेकून. मुलीला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही."

तिच्या बाजूला कुठेतरी नळ ठिबकत होता, तो ऐकू येत होता. इकडे शेडपलीकडे विमान पुन्हा सुरू झालं आणि धाकटा जुळा ओरडला, "काका! चला, जागा धरलीय तुमची!"

"बोलावतायत तुम्हाला," वहिनी म्हणाली. "जा."

"हो."

"जा ना, भाऊजी. थांबू नका."

"जातो," काका म्हणाले, आणि फोन तसाच कानाशी धरून बसून राहिले. तिनेही ठेवला नाही.