बाटलीबाहेरची हवा

“ही एक बाटली ऑटोक्लेव्हमध्ये जाणार नाही,” हमीदाताई म्हणाल्या आणि ट्रॉलीच्या शेवटच्या रांगेतली बाटली उचलून त्यांनी छातीशी धरली.

माझ्या हातात नष्ट करायच्या मालाची यादी होती. बाहेरच्या गिऱ्हाइकाने मागणी रद्द केल्यामुळे ऑर्किडच्या रोपांच्या चाळीस बाटल्या वाफेच्या दाबाखाली शिजवून टाकायच्या होत्या. हडपसरच्या आमच्या टिश्यू कल्चर प्रयोगशाळेत हे नेहमीचंच. नको असलेलं रोप नुसतं फेकत नाहीत, आधी उकडतात. मला तिथे लागून चार महिने झाले होते. यादीपेक्षा एक बाटली कमी, हे माझ्या बुद्धीत बसेना. मी प्रयोगशाळेच्या प्रमुख नम्रता मॅडमना विचारायला गेले.

मॅडमनी मान वर केली नाही. “अँडीजच्या ढगांत वाढणारी जात आहे ती. रात्री बारा-चौदा अंश लागतात. न्या म्हणावं. हडपसरला जगली तर मी राजीनामा देऊन त्यांच्याकडे शिकायला येईन.”

मी निरोप तसाच सांगितला. हमीदाताईंनी फक्त “न्या म्हणाल्या ना?” एवढंच विचारलं आणि बाटली डब्याच्या पिशवीत ठेवली.

त्या बावीस वर्षं एकाच टेबलापुढे बसत होत्या. समोरून गाळलेली हवा अंगावर येते, आणि तिच्या झोतात हात ठेवून काम करायचं. पातं स्पिरिटमध्ये बुडवायचं, ज्योतीवर धरायचं, निववायचं, कोंब कापायचा, नव्या बाटलीत उभा करायचा, झाकण लावायचं. केळी, जरबेरा, ऑर्किड. हातात बांगडी नाही, नखं बारीक कापलेली, तोंडाला कायम मास्क. त्यांच्या बाटल्यांत बुरशी जवळजवळ कधीच धरायची नाही. नव्या मुलींना त्यांच्या शेजारी बसवत ते त्यासाठीच. रोपांना मुळं फुटली की बाटल्या ट्रकमध्ये चढायच्या आणि जायच्या.

“माझ्या हातच्या एकाही रोपाचं फूल मी बघितलेलं नाही,” एकदा डबा खाताना त्यांनी सांगितलं होतं. तक्रार नव्हती, माहिती होती. “मरायच्या आत एक बघायचंय.”

तीन आठवड्यांनी त्यांनी मला घरी बोलावलं. जागा दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. गुलजारभाईंचं, म्हणजे त्यांच्या मिस्टरांचं, खाली फ्रीजदुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी शीतपेयांच्या दुकानातला काचेच्या दाराचा एक जुना फ्रीज वर आणून दिला होता, थर्मोस्टॅट बदलला होता आणि आत एलईडीची नळी बसवली होती. दिवसा बावीस, रात्री चौदा. आकडे ऐकून मी खूश झाले.

मग आत पाहिलं. काचेवरून पाण्याचे ओघळ येत होते. अकरा रोपांपैकी सहा बुंध्याशी तपकिरी होऊन मऊ पडली होती. दाराच्या कडेने चिकटपट्टी लावलेली. ती सोडवल्यावर कुजक्या पाल्याचा वास आला.

मी विचारलं, आत पंखा का नाही?

“पंखा?” हमीदाताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी ऑपरेशनच्या खोलीत झाडू मारा म्हणाले होते. “रोज हात, शेल्फ, काच, सगळं स्पिरिटनं पुसते मी. चिकटपट्टी लावते. तरी बुरशी आली. आणि तुम्ही बाहेरची हवा आत घ्या म्हणता?”

त्यांची चूक मला तेव्हा कळली, आणि ती चूक दुसऱ्या कुणाला करता आली नसती. बावीस वर्षं त्यांनी न गाळलेल्या हवेला दाराबाहेर थोपवलं होतं. आमच्या ट्रान्सफर रूममध्ये, म्हणजे कोंब कापून बाटल्यांत भरायच्या खोलीत, पंखा लावला तर नोकरी जाते. त्यांनी घरी नेलेली रोपं बाटलीतून बाहेर काढली होती, पण बाटली मोडली नव्हती. तिच्या जागी मोठी बाटली आणली होती.

मी समजावत बसले. बाटलीत बुरशी नसते म्हणून तिथली हवा थांबलेली चालते. बाहेर बुरशी आहेच, तुमच्या हातावर, माझ्या केसांवर. तिला अडवता येणार नाही, फक्त बसू द्यायचं नाही. डोंगरावर ही झाडं धुक्यात भिजतात आणि वाऱ्यावर सुकतात, पुन्हा भिजतात. दमटपणा हवा, पण पानावर साचलेलं पाणी तास-दोन तासांत उडालं पाहिजे. आणि दमटपणा टिकवायला खाली पाण्याचा ट्रे हवा, कारण थंड करताना फ्रीज हवेतलं पाणी ओढून घेतो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पटलं असं काही चेहऱ्यावर नव्हतं. म्हणून मी सुचवलं की पाचांपैकी तीन रोपांना पंखा लावू, दोन तशीच ठेवू. महिन्याने फरक दिसेल.

“आणि ती दोन मेली तर तुम्हाला उत्तर मिळेल,” हमीदाताई म्हणाल्या. “मला झाड मिळणार नाही.”

त्या उठल्या आणि खिडकीतून खाली दुकानात हाक मारली. गुलजारभाई ड्रिल घेऊन वर आले. फ्रीजला भोकं पाडायची आहेत, वर एक आणि खाली एक, हे कळल्यावर ते खुर्चीवर बसले. आयुष्यभर लोकांच्या फ्रीजची गळती बंद केली, आता स्वतःच्या घरी गळती करून द्यायची, असं काहीतरी ते बायकोऐवजी ड्रिलला सांगत होते. कूलिंगच्या नळ्या कुठून जातात ते त्यांनी आधी खडूने आखून घेतलं आणि मगच भोक पाडलं. जुन्या कॉम्प्युटरमधले तळहाताएवढे दोन पंखे मी दुसऱ्या दिवशी आणले. एक बाहेरची हवा आत घेणारा, दुसरा आतली हवा फिरवणारा, पण झोत थेट पानांवर येणार नाही असा तिरका.

पहिली रात्र हमीदाताई झोपल्या नाहीत म्हणे. आठवड्याने त्यांनी काचेला बोट लावून दाखवलं. काच कोरडी होती, मापकावर आर्द्रता ऐंशीच्या आसपास, आणि कुठेही मऊ पान नव्हतं. “फक्त वारा पाहिजे होता,” त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून त्या मला श्रद्धा मॅडमऐवजी नुसतं श्रद्धा म्हणू लागल्या.

पाचातली सगळी काही जगली नाहीत. एक मुळातच अशक्त होतं. दोन पहिल्या उन्हाळ्यात कॉम्प्रेसर बंद पडला तेव्हा गेली, एक दुसऱ्या वर्षी गेलं, का ते मला अजून कळलेलं नाही. दर वेळी हमीदाताई कुंडी रिकामी करायच्या, मुळं धुऊन बघायच्या आणि काय दिसलं ते मला फोनवर सांगायच्या. रडल्या कधीच नाहीत. राहिलेल्या एका झाडाला तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये नऊ पानं होती आणि देठाच्या टोकाला गव्हाच्या दाण्याएवढी कळी.

गुलजारभाई दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना कळी दाखवायला वर आणू लागले. नम्रता मॅडमना मी फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून बराच वेळ पाहिला आणि राजीनाम्याचं कागदावर काही ठरलं नव्हतं, असं म्हणाल्या.

देखभालीसाठी वीज जाते ती गुरुवारीच, तशी एप्रिलमधल्या एका गुरुवारी गेली. दर वेळी दुपारपर्यंत येते, म्हणून हमीदाताई सकाळी बर्फाच्या चार बाटल्या आत ठेवून कामावर आल्या. गुलजारभाई फुरसुंगीला कोल्ड स्टोरेजच्या कामावर होते. वीज आली ती संध्याकाळी सातला. पंखे बंद, काचेची पेटी, पश्चिमेची भिंत. मापकावरचं सर्वांत जास्त तापमान सदतीस होतं.

पुढच्या दहा दिवसांत एकेक पान पिवळं पडून गळलं. मी गेले तेव्हा नवातली तीन उरली होती. कळी मात्र गळली नव्हती. उलट फुगली होती, आणि तिची तीन टोकं शेपटासारखी लांबायला लागली होती.

चार-पाच दिवसांत उमलेल, मी म्हणाले. त्याच्या पुढचं मला माहीत होतं आणि बोलवत नव्हतं. तीन पानांवर फूल पोसायचं म्हणजे झाडात उरलंसुरलं जे आहे ते सगळं त्या देठाने ओढून घ्यायचं.

“झाड वाचेल का?” हमीदाताईंनी विचारलं.

“सांगता येत नाही.”

“तुला काय वाटतं ते सांग.”

“फूल आलं तर बहुतेक नाही वाचणार,” मी म्हणाले. “पण ताई, फूल दिसेल. तुम्हाला तेच हवं होतं ना?”

त्यांनी कुंडी बाहेर काढून खिडकीपाशी स्टुलावर ठेवली आणि बराच वेळ वाकून बघत राहिल्या, आधी कळीकडे, मग पानांच्या बुंध्याकडे. तिथे पांढरट हिरवा, मोहरीएवढा एक नवा कोंब होता. मला तो दिसलाच नव्हता.

मग त्या आत गेल्या. स्वयंपाकघरात गॅस पेटल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा एका हातात पातं होतं आणि दुसऱ्या हातात दालचिनीच्या पुडीची वाटी. पातं निवेपर्यंत त्या उभ्या राहिल्या. मग डाव्या हाताच्या दोन बोटांत देठ धरला आणि बुंध्यापासून कापला. इतक्या वर्षांत लाखो वेळा केलं तसंच, एका हालचालीत. कापलेल्या जागी बुरशी धरू नये म्हणून काडीने दालचिनीची पूड लावली.

कळी त्यांच्या तळहातावर होती. माझ्या पर्समध्ये चिमटा आणि सुई असतेच. हलक्या हाताने पाकळ्या सोडवल्या तर आतला रंग दिसेल, मी म्हणाले, केशरी असेल की जांभळा, एवढं तरी कळेल. खरं सांगायचं तर मलाही बघायचं होतं.

“नको,” त्या म्हणाल्या. “झाडावर बघीन.”

त्यांनी कळी कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली, घरी नेऊन काय करायचं ते कर म्हणाल्या. कुंडी आत ठेवली, दार लावलं, पंखा फिरतोय ना ते कान लावून ऐकलं. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. त्यांनी ओट्याखालच्या रिकाम्या बाटल्या काढल्या. चार नाही, बारा. एकेक नळाखाली धरून गळ्यापर्यंत भरली आणि फ्रीझरमध्ये आडव्या लावायला घेतल्या.