माननीय सभासद आणि खलबत्ता

ठक्.

एकच घाव पडला आणि गेक निओनं बत्ता हवेतच धरला. माडीवर भाषण जुळवत फेऱ्या मारणारा नवराही थबकला. तीन दिवस घरात काही कुटलं नव्हतं. हात आपला सवयीनं गेला.

"कायदा मोडलास हं!" तेक हिआन जिन्यावरून ओरडला.

"झालाय कुठे अजून? तुम्ही तिकडे 'मान्य आहे' म्हणालात की होईल!"

टोमणा बरोबर लागला. पेनांगच्या बंदरावर तेक हिआनची मिरीची आणि कथलाची पेढी होती, दीडशे माणसं त्याच्या शब्दावर हलत. पण सरकारनं सिंगापूरच्या विधिमंडळात नेमल्यापासून दोन वर्षांत तो तिथे दोनच शब्द बोलला होता, ते हे. आता टेकडीवरच्या साहेबलोकांची झोप मोडते म्हणून सकाळी नवाच्या आत कुटण-कांडप बंद, असं विधेयक येत होतं. गेक निओनं ते घरात आधीच लागू करून टाकलं. मिरच्या आणि कोळंबीचा आंबवलेला बेलाचान सकाळी कुटायचा नाही, म्हणजे पानात सांबालची चटणी नाही. पहिल्या दिवशी अळणी मासळी, दुसऱ्या दिवशी अळणी काकडी, आज नुसती पेज.

"बोलणार आहे मी या खेपेला," तेक हिआन खाली येत म्हणाला. "पण बोलू काय? सांबाल मिळत नाही म्हणून रडू?"

सासूबाईंनी विडा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला. "अरे, सांग त्यांना, 'माझ्या आईनं सून डोळ्यांनी नाही, कानांनी निवडली!' मी सकाळी सातला हिच्या गल्लीत गेले, भिंतीला कान लावला. काय तो ठेका! एक जड, दोन हलके. म्हटलं, हीच. नवापर्यंत थांबले असते तर ऊन लागून तिथेच आडवी झाले असते, आणि तू बसला असतास बिनबायकोचा."

तेक हिआननं मांडीवर थाप मारली. "हेच! हेच बोलतो!"

गेक निओनं बत्ता खाली ठेवला. त्या दिवशी सकाळी सातला ती मच्छरदाणीत गाढ झोपली होती. कुटत होती ती माहेरची स्वयंपाकीण, मक इताम. लग्न ठरल्यावर तिच्याकडूनच तो ठेका शिकताना गेक निओच्या तळहाताला फोड आले होते. सात वर्षं हे कुणाला कळलं नव्हतं.

सिंगापूरला निघालेल्या नवऱ्याच्या ट्रंकेत सदरे रचताना शब्द ओठांपर्यंत आले. सांगावं, तर यांचा एकुलता एक मुद्दा जायचा आणि तोंडात पुन्हा 'मान्य आहे' यायचं. न सांगावं, तर गव्हर्नरासमोर नवरा धडधडीत खोटं बोलणार, तेही छाती फुगवून.

"अहो..."

"काय गं?"

"टाय वाकडा झालाय."

तो गेल्यावर पाचव्या दिवशी वर्तमानपत्र आलं. माननीय सभासदांच्या भाषणावर सभागृह खदखदून हसलं, खुद्द गव्हर्नर हसले आणि विधेयक फेरविचारासाठी परत गेलं. सासूबाईंनी ती बातमी तीनदा वाचून घेतली. 'माझी मातोश्री' हे शब्द आले की दर वेळी पदर सावरला.

संध्याकाळच्या बोटीनं तेक हिआन यायचा होता. गेक निओ पाटावर बसली, मिरच्या खलात टाकल्या, बेलाचानचा भाजलेला तुकडा टाकला. एक जड, दोन हलके. भिंतीपलीकडे सासूबाई मान डोलावत असणार, हे तिला न पाहता कळत होतं.

सहा वर्षांची स्वी जवळ बसून छोटे कांदे सोलत होती. डोळे पुसत तिनं विचारलं,

"आई, आजीनं भिंतीला कान लावला ना, तेव्हा तू काय कुटत होतीस गं?"